होळी झाली की गवताचा पडदा खालून उघडा पडतो : दरवर्षीचं दुखणं आणि त्यावर लागू पडलेला इलाज

आधी दुखणं नेमकं काय ते सांगतो, म्हणजे तुमचं तेच आहे की वेगळं हे ताडून बघता येईल.

कंपाउंडच्या भिंतीलगत आडोशासाठी उंच गवत लावलंय. श्रावण-भादव्यात ते असं माजतं की भिंत दिसत नाही. दिवाळीला येणारा पाहुणा विचारतो, हे कुठून आणलं? संक्रांतीपर्यंत ठीक चालतं. होळीच्या सुमारास मात्र खालची दोन-अडीच फूट पानं वाळतात, नुसत्या काड्या उरतात, ठोंबाच्या मधोमध टक्कल पडतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पडद्याचा पिंजरा होतो. उन्हाळाभर पाणी घातलं तरी हेच. पाऊस पडला की पुन्हा हिरवंगार, जणू काही झालंच नव्हतं. पुढच्या होळीला परत तेच.

हे तीन वर्षं ओळीने झालं तेव्हा मी गवत उपटून पत्रे ठोकायला निघालो होतो.

माझं घर जळगावच्या कडेला, शेताचे प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीत आहे. जमीन भारी काळी, पाणी बोअरचं आणि जड. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दोन मजली बंगला झाला आणि त्याच्या जिन्याची खिडकी बरोबर आमच्या अंगणावर आली. शेजारी भले आहेत, पण जिना चढणाऱ्या माणसाची नजर खिडकीबाहेर जाणारच. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धा संसार अंगणात असतो. पहाटे चुलीवर ज्वारीच्या पिठाचं घाटं शिजतं, ऊन तापायच्या आत त्याच्या बिबड्या, म्हणजे पापड, टाकून होतात, संध्याकाळी खाटा बाहेर येतात. आखाजीला बहिणी माहेरी आल्या की कडुनिंबाला झोका. म्हणजे आडोसा हवा चैत्र-वैशाखात, आणि गवत दगा देणार तेही चैत्र-वैशाखातच. पावसाळ्यात, जेव्हा सगळे घरात असतात, तेव्हा ते दहा फूट उभं. याच विसंगतीत उत्तर होतं, पण मला ते फार उशिरा दिसलं.

माझ्याकडे मागच्या ओळीत जांभळ्या पानांचं नेपियर आहे. आपल्या गजराज या चाऱ्याच्या गवताच्याच घरातलं, फक्त रंगाने देखणं. पुढच्या ओळीत वाळा, म्हणजे खस. हाच तो ज्याच्या मुळ्यांच्या ताट्या कूलरला लावतात आणि ज्याची जुडी माठात टाकतात. सुरुवातीला हौसेने पम्पासही लावलं होतं, पांढऱ्या तुऱ्यांच्या मोहात. दक्षिण अमेरिकेतलं ते गवत माझ्या काळ्या जमिनीत एका पावसाळ्यात बुडाशी सडलं. निचऱ्याच्या हलक्या जमिनीत कदाचित टिकेल. पानांच्या कडा मात्र करवतीसारख्या असतात, लहान मुलं असतील तर विचार करून लावा.

आता मी काय काय चुकलो ते थोडक्यात.

पहिल्या वर्षी वाटलं, पाणी कमी पडतंय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मग दुसरं काय असणार? ठिबक रोज एक तास चालत होतं ते दोन तास केलं. फरक शून्य, उलट भिंतीच्या बुडाशी ओल आली. दुसऱ्या वर्षी वाटलं, खत कमी पडतंय. आषाढात मुठीमुठीने युरिया टाकला. गवत अकरा फूट गेलं आणि परतीच्या पावसात एका रात्रीत आडवं झालं. नत्राने कांडी लांब आणि पोकळ होते, तिला वारा सहन होत नाही. ऊसवाल्यांना हे सांगायला नको. तिसऱ्या वर्षी एका परदेशी व्हिडिओचं ऐकून फेब्रुवारीत सगळं गवत वीतभर ठेवून कापलं. त्या माणसाच्या बागेत दोन महिन्यांत हिरवी भिंत उभी राहिली होती. माझ्याकडे आखाजीला खुंट उभे होते, आणि बायकांनी दोरीवर जुन्या साड्या टाकून बिबड्या केल्या. आईने त्या दिवशी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तो माणूस खोटं बोलत नव्हता. थंड मुलखात हिवाळ्यात गवत वरून पूर्ण वाळतं, झोपतं. फेब्रुवारी-मार्चला कापलं की पुढे ऊब आणि ओल दोन्ही मिळते. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर येतो तो थेट वैशाखवणवा, आणि पाऊस मृगाशिवाय नाही. त्याचं कॅलेंडर आपल्या भिंतीवर टांगून चालत नाही.

डोळे उघडले ते मामांमुळे. मामा रावेरकडचे, केळीवाले. केळीच्या बागेभोवती वाऱ्याला आड म्हणून शेवरी किंवा गजराज लावायची रीत तुम्हाला माहीतच असेल. मी फेब्रुवारीतल्या कापणीची गोष्ट सांगितल्यावर ते हसले. "वादळाच्या तोंडावर वारारोधक कापतं का रे कोणी? तुला पडदा कधी लागतो ते आधी ठरव, मग मागे मोज." मग खुंट बघत म्हणाले, "आणि याला झाड समजू नको. ऊस समज. कापल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो उसाचा खोडवा, तसा याला पण असतो."

ऊस, ज्वारी, मका, नेपियर, वाळा ही सगळी एका जातकुळीची. ऊन आणि ओल एकत्र मिळाली की झपाट्याने वाढणार, थंडी पडली की थांबणार. आपल्या खानदेशात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखाली येतो. तेव्हा नेपियर जवळजवळ वाढत नाही. म्हणजे ऑक्टोबरात जे उभं आहे तेच, म्हातारं होत होत, मार्चपर्यंत पोचतं. वरच्या दाट पानांनी खालच्या पानांचं ऊन कधीच अडवलेलं असतं, त्यामुळे खालची पानं आधी जातात. त्यात मार्चचं कोरडं वारं सुटलं की उरलेली गळतात. उन्हाळ्यात पडणाऱ्या टकलेपणाचं बी असं दिवाळीआधीच पेरलेलं असतं. एप्रिलमध्ये पाणी वाढवून ते उगवायचं थांबत नाही.

पण हेच कारण आहे याची खात्री करा, कारण वरून सारखी दिसणारी आणखी चार दुखणी आहेत. मी या क्रमाने बघतो.

पाणी द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी सळई ठोंबापासून वीतभर अंतरावर जमिनीत दाबा. ओल आहे तिथपर्यंत ती सहज जाते, कोरडी माती लागली की अडते. माझी सळई पहिल्या वर्षी सहा इंचांवर अडली. रोज थोडं थोडं पाणी दिल्यामुळे ओल वरच राहत होती आणि मुळ्याही वरच पसरल्या होत्या. वाळ्याची मुळं तीन मीटर खोल जाऊ शकतात, पण खाली ओल असेल तर ना! आता मी दर चौथ्या-पाचव्या दिवशी, तासाला चार लिटरच्या दोन ड्रिपरने, तीन तास पाणी सोडतो. म्हणजे ठोंबाला एका वेळी २४ लिटर. सळई आता दीड फूट जाते. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावांत हेच जास्त सोयीचं. बोअरच्या चुन्याने ड्रिपरची तोंडं बुजतात, तेव्हा तीन तास सोडलं म्हणजे तीन तास पडलंच असं धरू नका. एकदा ड्रिपरखाली भांडं ठेवून मोजा.

काळ्या जमिनीच्या भेगांचा विचार वेगळा करायला हवा. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात मुळ्या ताणून तुटतात आणि दिलेलं पाणी सरळ खाली निघून जातं. इलाज एकच, भेग पडूच द्यायची नाही. होळीच्या आधी चार बोटं जाडीचं उसाचं पाचट, केळीची वाळकी पानं किंवा गवताचंच वाळकं कापण ओळीत अंथरा. फक्त ठोंबाच्या बुडख्याला चिकटवू नका, चार बोटं मोकळं ठेवा.

मग एक वाळकी काडी धरून ओढा. बुडाशी घट्ट असेल तर ती नुसती म्हातारी आहे. सहज हातात आली आणि आत माती भरलेली असेल तर वाळवी. वाळवी मेलेल्या काड्यांवर येते आणि तिथून ठोंबाच्या मध्यात शिरते, म्हणून मेलेल्या काड्या न ठेवणं हाच पहिला उपाय. औषध टाकायचंच असेल तर कृषी सेवा केंद्रात विचारून टाका, आणि ते गवत नंतर कुणाच्या गुरांना देऊ नका. माझं कापलेलं नेपियर गल्लीतल्या एकाच्या शेळ्यांना जातं, म्हणून मी औषधाच्या वाटेला जात नाही. काडी काळी, मऊ आणि वास मारणारी निघाली तर तो पावसाळ्यातला साचलेल्या पाण्याचा सड आहे. तिथे माती वीतभर उंच करून, वरंब्यावर लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे ते बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, त्यावर लांबट हिरव्या रेघा, अशी पट्टेदार दिसत असतील तर लोह. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकून उपयोग होत नाही, चुना तोही अडकवून ठेवतो. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. पांढऱ्या भिंतीवर फवारा उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. घरच्यांची बोलणी मी खाल्ली आहेत.

शेवटचं, ऊन. दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन नसेल तर यातलं कोणतंही गवत दाट होणार नाही. त्यावर छाटणी, खत, पाणी कशाचीही मात्रा चालत नाही.

सळई खोल जाते, काडी घट्ट आहे, कोवळी पानं हिरवी आहेत, ऊन भरपूर आहे आणि तरीही होळीला पडदा उघडा पडतो, असं असेल तर दुखणं कॅलेंडरचं आहे. त्यावर मी गेली काही वर्षं जे करतो ते असं.

मुळात दोन ओळी हव्यात. एका ओळीचा पडदा कापला की नाहीसाच होतो. मागची ओळ भिंतीपासून दोन फुटांवर, नेपियरचे ठोंब दोन-दोन फुटांवर. पुढची ओळ तिच्यापासून अडीच फुटांवर, वाळ्याची ठोंबं अर्ध्या-अर्ध्या फुटावर. वाळा इतका जवळ लावला तरच भिंत होते, लांब लावला तर नुसती झुडपं. चाळीस फुटांच्या ओळीला मला ऐंशी ठोंबं लागली.

मागची ओळ मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की कापायची, त्याआधी नाही. जमिनीपासून चार ते सहा इंच ठेवून, धारदार विळ्याने. त्याहून खाली गेलात तर पावसाचं पाणी बुडख्यावर साचतं आणि फुटवा सडतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नेपियरची लव अंगाला झोंबते. सहा ते आठ आठवड्यांत ही ओळ माणसाच्या वर जाते. ती गेली की, जुलैच्या शेवटी, पुढचा वाळा दीड-दोन फुटांवर छाटायचा. एक ओळ खाली असताना दुसरी उभी असते. मधला उघडा काळ येतो तो पावसाळ्यात, जेव्हा अंगणात कुणी नसतं आणि शेजारच्यांची खिडकीही बंद असते.

दुसरी छाटणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती कुणी करत नाही, कारण त्या वेळी गवत इतकं सुंदर दिसतं की हात धजत नाही. घटस्थापना ते दसरा या दिवसांत नेपियरचे शेंडे पाच-साडेपाच फुटांवर मारायचे. शेंडा गेला की कांड्यांवरचे डोळे फुटतात आणि बाजूला कोवळे फुटवे येतात. अजून ऊब असते, जमिनीत परतीच्या पावसाची ओल असते, त्यामुळे थंडी पडायच्या आत हे फुटवे पानावर येतात. मग हिवाळ्यात गवत थांबतं ते म्हातारं होऊन नाही, तरुण असताना. मार्चमध्ये गळायची वेळ येते तेव्हा मधल्या भागात ताजी पानं असतात. उशीर केलात, दिवाळीनंतर शेंडे मारलेत, तर डोळे फुटतात पण थंडीत तिथेच अडकतात. मी एकदा उशीर करून बघितलाय.

तरीही सगळ्यात खालचा दीड-दोन फुटांचा भाग उघडा राहतोच. गवताचा तो स्वभाव आहे, त्याच्याशी भांडू नका. पुढे वाळा आहे म्हणून माझ्याकडे तो झाकला जातो. वाळा नसेल तर एक ओळ गवती चहाची लावा, चहाची सोयही होते.

ठोंबाच्या मधोमध टक्कल पडलं असेल तर छाटणीने ते भरत नाही. तीन-चार वर्षांनी ठोंब म्हातारा होतो, कडेने वाढतो आणि मध्यात मरतो. आषाढात झड लागलेली असताना पहारीने ठोंब उचकटा, कडेचे ताजे फुटवे वेगळे करून लावा, मधला लाकडासारखा भाग फेका. सगळे ठोंब एका वर्षी काढू नका. दरवर्षी एकाआड एक.

उंचीबद्दल एक हिशोब, कारण या नादात लोक गरज नसताना अकरा फुटांच्या मागे लागतात आणि मग ते पडतं. समजा खिडकीतल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १४ फुटांवर आहेत आणि खिडकी हद्दीपासून १० फूट पलीकडे आहे. तुम्ही खाटेवर बसलात तर डोकं साधारण ४ फुटांवर. खाट गवतापासून ५ फुटांवर असेल तर सव्वासात फुटांचं गवत पुरतं. तीच खाट १५ फूट आत घेतली तर १० फूट लागतं. आम्ही खाटा गवताजवळ सरकवल्या आणि तीन फुटांची उंची फुकटात वाचवली. जवळ सरकल्यावर डास जास्त लागतात, ते मान्य.

गवत पडत असेल तर युरिया थांबवा, आणि चार फुटांवर दोन्ही बाजूंनी जी.आय. (जस्ताचा लेप असलेली) तार ओढा. केळीला टेकू देतात त्याच समजुतीने.

सापांचं सगळेच विचारतात. वाळ्याच्या वासाला साप येत नाही असं गावोगाव सांगतात, त्यावर विसंबू नका. साप येतो तो उंदरांमागे, आणि उंदीर येतात वाळकं पाचट, विटा, लाकडं यांच्या आडोशाला. अंथरलेलं पाचट चार बोटांच्या वर जाऊ देऊ नका आणि ओळीच्या मागे अडगळ टाकू नका. मला सापापेक्षा आगीची भीती जास्त वाटते. होळीच्या दिवशी नेमकं गवत वाळलेलं असतं आणि गल्लीत ठिणग्या उडत असतात. त्या दिवशी दुपारी मी पाचटासकट सगळी ओळ भिजवून ठेवतो, पाण्याची पाळी असो वा नसो.

बांबूने हा प्रश्न सुटतो का? बांबूही शेवटी गवतच. सातपुड्यातला मानवेल कोरड्या दिवसांत पानं गाळतो, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. कुंपणाचा बारीक, ठोंबाने वाढणारा बांबू बरा, पण त्याला जागा आणि चार वर्षं द्यावी लागतात. जमिनीखालून पळणारी कुठलीही जात मात्र हद्दीवर लावू नका. पांढऱ्या पट्ट्यांचा शोभेचा नळ त्यातलाच. तो दोन वर्षांत शेजाऱ्याच्या अंगणात उगवतो, आणि मग आडोसा वेगळ्याच कारणाने लागतो.

माझ्याकडे एक कोपरा अजून सुधारलेला नाही. कडुनिंबाखालचा आठ फुटांचा तुकडा. तिथे ऊन पोचत नाही, मी तीनदा वाळा लावून तीनदा घालवला. कडुनिंब तोडायला आई तयार नाही, झोका त्यालाच असतो. तिथे हिरवी नेट बांधली आहे, आणि तिला या वर्षी भोक पडलंय.